चढणीच्या माशाला वाट द्या

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस पडतो, ओढ्याला तांबडे पाणी येते आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम अंगाला गावोगाव एकच हाकाटी उठते, "मासं चढाय लागलं!" मग घरात कोणी ठरत नाही. इरले, घोंगडी, नाहीतर खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घ्यायची, हातात बत्ती किंवा बॅटरी, दुसऱ्या हातात काठी नाहीतर जुना कोयता, आणि निघायचे ओढ्याकडे. पोरे तर पुढेच पळतात. वर्षभर नदीकडे ढुंकून न पाहणारा माणूसही त्या रात्री गुडघाभर पाण्यात उभा असतो.

आमचे लहानपण मीना नदीच्या एका ओढ्याकाठी गेले. अशाच एका रात्री आम्ही नानांबरोबर गेलो होतो. खाचराच्या बांधावरून पाणी खाली पडत होते आणि त्या धारेतून मासे अक्षरशः उड्या मारीत वर येत होते. एकाला हुकवावे तर दुसरा पायाशी. तासाभरात गोणी निम्मी भरली. घरी येऊन नानांनी ती पडवीत ओतली तेव्हा आम्हां पोरांना कोण आनंद! आई मात्र विळी आणि राख घेऊन बसली आणि दोन-चार मासे चिरून थांबली. प्रत्येकाच्या पोटातून पिवळीधमक गाभोळी बाहेर येत होती. ती म्हणाली, "अहो, ह्या समद्या भरल्या पोटाच्या हायेत. एकबी मोकळी न्हाई." नाना काही बोलले नाहीत. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घराने, भावकीने, शेजाऱ्यांनी खाल्ले, तरी उरलेच. पाऊस लागलेला, वाळवायला ऊन नाही. तिसऱ्या दिवशी उरलेले मासे उकिरड्यात गेले.

आज त्या ओढ्याला पूर येतो, पण मासे चढत नाहीत. एखादा चुकार मळ्या दिसला तर दिसला. नानांच्या एका गोणीने ओढा रिकामा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक घराची एक गोणी, दरसाल, आणि त्यावर आणखी बरेच काही, असा तो हिशेब आहे. तोच मांडायचा म्हणून हा लेख.

मासा वर का येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पुष्कळांना वाटते, पाण्याचा लोंढा त्याला ढकलतो. लोंढा तर खाली जातो, मग मासा वर कसा ढकलला जाईल? तो आपल्या जोरावर, धारेच्या उलट चढतो, आणि चढतो तो अंडी घालण्यासाठी. उन्हाळाभर नदीच्या डोहात दडून बसलेल्या माशाला नव्या पाण्याची चाहूल लागते. पाणी गढूळ होते, थोडे गार होते, त्याला वेग येतो. मादीच्या पोटात अंडी तयार असतातच. ती नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत, ओघळीतून भाताच्या खाचरात शिरते. तिथे पाणी उथळ असते, बुडालेले गवत असते, मोठा शिकारी मासा नसतो. अंडी फुटून निघालेल्या पिलांना अशा कोमट, उथळ पाण्यात सूक्ष्म जीवांचा चारा मुबलक मिळतो. पुढे पाणी ओसरू लागले की जगली-वाचलेली पिले पाण्याबरोबर नदीत उतरतात. म्हणजे आपले भाताचे खाचर हे माशांचे बाळंतघर आहे, आणि आपण नेमके त्याच्या दारात कोयता घेऊन उभे राहतो.

एक किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात लाखावर अंडी असतात. सगळी जगत नाहीत, शंभरातले एकही धड मोठे होत नाही. निसर्गाने ती उधळपट्टी हिशेबानेच केली आहे. पण मादीच गेली तर हिशेब कशाचा मांडायचा? बियाण्याची कणगी फोडून भाकरी थापणाऱ्या घराला आपण काय म्हणू? चढणीचा मासा म्हणजे नदीचे बियाणे आहे.

आता कोणी म्हणेल, आमचे आजे-पणजे हेच करीत आले, तेव्हा कुठे मासा संपला? खरे आहे. पण तेव्हाची नदी वेगळी होती. कुकडी, पुष्पावती, मीना, घोड, मांडवी, आर या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा त्याच्या पायथ्याशी उगम पावतात आणि त्यांचे पाणी शेवटी घोडेतून भीमेला मिळते. तेव्हा या साऱ्या वाटा मोकळ्या होत्या. एका ओढ्यातला मासा मारला तरी खालच्या दहा कोसांतून दुसरा वर येई. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडेवर डिंभे, आर नदीवर पिंपळगाव जोगे. त्याखेरीज नदीत ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. या पाण्याने काय केले हे आम्ही सांगायला नको. जिथे बाजरी आणि मटकीवर समाधान होते तिथे ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा आला, पोरे शिकली, घरे पक्की झाली. धरणाला नावे ठेवणारी ही लेखणी नाही. पण धरणाची भिंत माशाला चढता येत नाही, हेही तितकेच खरे. भिंतीखालचा मासा खाली राहिला, वरचा वर राहिला. आता वरच्या ओढ्यातल्या माद्या मारल्या तर त्यांची जागा घ्यायला खालून कोणी येणार नाही.

बंधाऱ्याचे थोडे निराळे आहे. पावसाळ्यापूर्वी त्याचे ढापे काढायचे आणि पावसाळा सरता सरता पाणी अडवायला पुन्हा टाकायचे, अशी रीत आहे. ढापे निघाले की दरवाजे मोकळे होतात आणि मासा त्यातून वर जाऊ शकतो. पण कुठे ढापे गंजून अडकलेले, कुठे काढायला माणूस वेळेवर आला नाही, कुठे दरवाजात लाकडे आणि काटेरी झुडपे तुंबलेली. मग मासा बंधाऱ्याखाली येऊन थडका मारीत राहतो आणि तिथेच जाळी लागतात. बंधाऱ्याखालचा मासा पकडायला सोपा, म्हणून सगळे तिथेच जमतात. खरे तर मृगाच्या अगोदर आपल्या गावच्या बंधाऱ्याचे सगळे ढापे निघाले आहेत का, एवढे चार जणांनी जाऊन पाहिले, तरी माशाचे निम्मे काम होईल. पुराच्या वेळी बंधाऱ्याला आणि काठच्या जमिनीलाही त्याचा फायदाच आहे.

इथे थोडे विषयांतर करू, कारण गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. इंग्रजी अमलात १८२४ ते १८३१ या काळात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत होता. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने त्याने इथल्या नद्यांतले मासेही गोळा केले. त्यांची शास्त्रीय नावे ठेवताना त्याने पुष्कळ ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले. ही नावे १८३९ च्या सुमारास छापली गेली, आणि माशांची शास्त्रीय नावे जगभर एकच असल्याने आजही कुठल्याही देशातल्या पंडिताला ती तशीच उच्चारावी लागतात. आपला शिंगटा त्यांच्या पुस्तकात 'मिस्टस सींगटी' आहे. दगडाला चिकटून राहणारा आपला मळ्या 'गारा मुल्या' आहे. 'लॅबिओ बोगट', 'लॅबिओ कावरूस' हे आपले बोगट आणि कावरस. आणि दख्खनचा महाशीर, ज्याच्या एकेका खवल्याला रुपयाच्या नाण्याची बरोबरी देतात, तो 'टोर खुद्री'. त्याचा नमुना साइक्सला पुण्याजवळ मुळा-मुठेतच मिळाला होता. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी भोयांनी आणि कोळ्यांनी नदीकाठी उच्चारलेली नावे जगाच्या ग्रंथांत बसली आहेत, आणि आमच्या पोरांना मात्र नदीतला मासा म्हटला की एकच नाव ठाऊक आहे, चिलापी.

ही चिलापी इथली नव्हे. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. लवकर वाढतो, काहीही खातो, लोकांना स्वस्त प्रथिने मिळतील, हा हेतू चांगलाच होता. पण तिची पैदास पाहा. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेक वेळा विते, आणि त्यासाठी तिला ना पूर लागतो ना चढण. साचलेल्या पाण्यात तिचा संसार बारा महिने चालू. म्हणजे धरण-बंधाऱ्यांनी नदीचे तळे झाले, त्याचा त्रास चढणाऱ्या माशाला झाला आणि फायदा चिलापीला. त्यात चढणाऱ्याला आपण वाटेतच गाठतो. मग डोहात कोण उरणार? चिलापी खाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. उलट खुशाल पकडा, हवी तेवढी पकडा. तिच्या कालवणालाही चव आहे. फक्त ती धरून आणून आपल्या विहिरीत, शेततळ्यात किंवा वरच्या ओढ्यात सोडू नका. एकदा शिरली की निघत नाही. तीच गोष्ट आफ्रिकन मांगूरची. तो मासा पाळण्यावर देशात बंदी आहे. कोणी स्वस्त बीज म्हणून गळ्यात मारू लागला तर घेऊ नये.

आता कायद्याकडे वळू. "नदी काय कोणाच्या बापाची आहे?" हे वाक्य नदीकाठी हमखास ऐकू येते. नदी कोणाच्या बापाची नाही हे खरेच, पण तिला नियम आहेत, आणि ते आजचे नाहीत. १८९७ साली हिंदुस्थानात मत्स्यव्यवसायाचा पहिला सर्वदेशी कायदा झाला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट गुन्हा ठरवल्या होत्या. एक, मासे मारण्यासाठी पाण्यात सुरुंगाची दारू उडवणे. दुसरी, पाण्यात विष किंवा चुना यांसारखा पदार्थ टाकणे. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे थट्टा नव्हती. जाळ्याची आस किती असावी, कुठे आडवे बांध घालून मासे अडवू नयेत, कोणत्या पाण्यात किती काळ मासेमारी बंद ठेवावी, हे नियमाने ठरवण्याचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारला दिला. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. समुद्रावर तर जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, हे कोकणातले पोरही सांगेल. तिथला कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात शिरतो. आपण घाटावरचे लोक मात्र त्याच दोन महिन्यांत नदीवर तुटून पडतो. केवढा हा उलटा न्याय!

कायद्यात सुरुंग आणि विष ही दोनच नावे असली तरी आपल्याकडे आज तीन वाईट रीती आहेत, आणि तिन्हींचे सामान शेतकऱ्याच्याच घरून जाते, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

विहिरीच्या कामावरून उरलेले जिलेटिन डोहात टाकायचे, ही पहिली. धमाका झाला की पांढरे पोट वर करून मासे तरंगतात आणि लोक टोपल्या भरतात. पण तरंगतो त्याच्याहून अधिक मासा आतला फुगा फुटून तळाशी बसतो आणि तिथेच कुजतो, हे कोणी पाहत नाही. बोटभर पिले, अंडी, खेकडे, कोळंबी सगळे एका दणक्यात खलास. हातात फुटून पंजा गेलेला माणूस बहुतेक तालुक्यांत एखादा तरी सापडतो.

दुसरी रीत विषाची. पूर्वी डोंगरातली माणसे रामेठ्याची साल किंवा गेळाची फळे कुटून लहानशा डबक्यात टाकीत. तेही चांगले नव्हे, पण ते डबक्यापुरते, घरच्या कालवणापुरते असे. आता द्राक्षावर, टोमॅटोवर फवारायचे कीटकनाशक सरळ डोहात ओततात. हे विष शिजवून जात नाही. ते मासे खाणाऱ्या घराच्या पोटात जाते. त्याच डोहावर खालच्या वस्तीची बाई घागर भरते, गुरे पाणी पितात. सकाळी नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर फुकटचे म्हणून कोणीही घरी आणू नयेत, कुत्र्या-मांजरालाही घालू नयेत, गुरे त्या पाण्यावर सोडू नयेत. मुद्दाम विष न घालणाऱ्यांनीही एक गोष्ट पाळावी. फवारणीचा पंप आणि औषधाची बाटली नदीत, ओढ्यात धुऊ नये. पंप शेतातच धुवावा, ते पाणी बांधावर मुरू द्यावे. खाचरातले पिलू विषाच्या एका झुळकीने मरते.

तिसरी रीत सगळ्यांत भयंकर. विजेच्या तारेवर आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून वायर ओढून पाण्यात करंट सोडायचा. मासा तडफडून वर येतो खरा, पण पाण्याला धनी कळत नाही. पलीकडच्या काठाला पाय धुणारा माणूस, पोहायला उतरलेले पोर, पाण्यात बसलेली म्हैस, आणि पुष्कळदा मासे वेचायला घाईने उतरलेला स्वतः वायर धरणारा, यांतला कोणीही त्यात जातो. बायांनो, हे तुम्हांला मुद्दाम सांगतो. घरातला तरुण पोरगा रात्री वायरचे भेंडोळे घेऊन नदीकडे निघाला, तर त्याला दारातच अडवा. मासा नाही मिळाला तर आमटी करता येईल.

मासे पकडण्याचा हक्क कुठे कोणाचा, याबद्दलही गावात घोटाळा असतो. धरणाच्या जलाशयात मासे पकडण्याचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत ठेक्याने दिला जातो, आणि तो बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळतो. ठेकेदार संस्था तिथे दरसाल पैसे खर्चून बीज सोडते. तेव्हा त्या पाण्यात तिला न विचारता जाळे टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पिकात विळा घालणे. पाझर तलाव, गावतळी यांचाही ठेका असतो. ग्रामपंचायतीत चौकशी केली की कळते. गावात कोणालाच काही सांगता येत नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय खात्याचे कार्यालय आहे, तिथे विचारावे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. त्याच्या हद्दीतल्या ओढ्या-डोहांना वन्यजीव कायदा लागू आहे, आणि तिथे परवानगीवाचून गळही टाकू नये. अभयारण्याबाहेरही जाळ्यात कासव आले तर ते जिवंत सोडून द्यावे. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते पकडणे, विकणे, खाणे गुन्हा आहे. शिवाय मेलेले-सडलेले खाऊन नदी साफ ठेवणारे ते जनावर आहे.

ठेका, हक्क, संस्था हे शब्द कोरडे वाटतात. त्यामागे माणसे कशी असतात हे पाहायचे तर डिंभ्याला गेले पाहिजे. हे धरण आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाने ओळखले जाते. धरणाच्या पाण्यात तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगाव गेले, काठच्या महादेव कोळ्यांची भातखाचरे गेली. कातकऱ्यांकडे जमीन जवळजवळ नव्हतीच, त्यांची नदी गेली. ज्यांचे सगळे बुडाले त्यांच्या दारात पाणीच पाणी, आणि त्या पाण्यावर त्यांचा हक्क काही नाही, अशी विचित्र गत झाली. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' या संस्थेने या लोकांबरोबर अनेक वर्षे काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा हक्क, आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क, या दोन्हींसाठी लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या, मोर्चे काढले, चिकाटी धरली. शेवटी आदिवासी मच्छीमारांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली.

त्या लोकांनी पुढे काय केले, ते शेतकऱ्याला लगेच समजेल. कटला, रोहू, मृगळ हे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहता पूर लागतो. म्हणून बीज बाहेरून आणून सोडावे लागते. आता जिऱ्याएवढे बीज, ज्याला मत्स्यजिरे म्हणतात, ते तसेच अफाट पाण्यात सोडले तर मरळ आणि इतर मोठे मासे ते मटकावून टाकतात. तेव्हा मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या जाणकारांकडून या लोकांनी शिक्षण घेतले. जलाशयातच जाळ्याचे पिंजरे बांधायचे, त्यात मत्स्यजिरे ठेवून रोज खाद्य घालायचे, आणि बोटाएवढे झाले, म्हणजे बोटुकली तयार झाली, की मग सोडायचे. भाताचे रोप गादीवाफ्यावर वाढवून मग लावणी करतो, तीच ही पद्धत. 'शाश्वत'ला या सगळ्या कामाबद्दल २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिक मोठेच, पण आम्हांला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आपण वाढवलेला मासा आपलाच आहे हे एकदा पटले, की त्याला कधी पकडू नये हेही माणूस आपणहून ठरवतो. ज्याचा हक्क नाही, तो फक्त आजची टोपली पाहणार.

यासाठी पश्चिमेकडच्या गावांना कायद्याने थोडे बळही दिले आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतली बरीच आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची यादी आहे, तीत पाणवठ्यातले मासे हा शब्द स्पष्टपणे आहे. म्हणजे गावाने ग्रामसभेत बसून, आपल्या ओढ्यात आर्द्रा आणि पुनर्वसू ही दोन नक्षत्रे मासे मारायचे नाहीत, असे ठरवले तर ते निव्वळ भाबडेपणाचे ठरणार नाही. खालच्या बागायती गावांत हा कायदा नाही, पण ठराव करायला कोण अडवते? पोळ्याला बैल जुंपायचा नाही हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे?

आणि हे आपल्याला नवीनही नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीला वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले महाशीर देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातही असेच देवाचे मासे आहेत. एका डोहातला मासा राखला की त्याची पिले खालच्या दहा गावांना जातात, हे त्या जुन्या लोकांना शास्त्र न शिकता कळले होते. आपल्या पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीरची अंडी उबवण्याचे केंद्र सुरू केले आणि तिथली पिले देशभर गेली. पण पिले आणून सोडणे हे शेवटी रोप विकत आणून लावण्यासारखे. नदी आपले बियाणे आपण धरते, तिला तेवढी उसंत दिली तर.

आता तुम्ही विचाराल, मग मासे खायचे कधी? ज्यांची चूलच माशावर चालते, त्या कातकरी-ठाकर घराने दोन महिने काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर आमच्याजवळ नाही. पण एवढे खरे, की त्या घराचा चार माशांचा गळ नदीला कधीच जड झाला नाही. नदी संपवली ती गोण्यांनी, बारीक आसेच्या तंगुसाच्या जाळ्यांनी आणि वर सांगितलेल्या तीन रीतींनी. थांबायचे असेल तर आधी ज्याच्या घरी दुभते आहे, कडधान्य आहे, त्याने थांबावे. ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे लावून सगळी वाट बंद करू नये, निम्मा प्रवाह तरी मोकळा सोडावा. हाती आलेली मादी पोटाला फुगलेली आणि मऊ लागली तर परत पाण्यात टाकावी. आणि डोहात तांबूस पिलांचा गोळा वर-खाली होताना दिसला तर तिथे गळ घालू नये. ती मरळीची पिले असतात, खाली आई-बाप राखणीला असतात. आई-बाप काढले की चिलापी त्या पिलांचा घटकेत फडशा पाडते.

गळाचा खरा मोसम पुढेच असतो. नवरात्राच्या सुमारास पाणी निवळते, मासा अंडी घालून मोकळा झालेला, खाऊन पुन्हा सावरलेला असतो. काठी कळकाची हलकी घ्यावी, तंगूस फार जाड नको. पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाचा देठ मिळाला तर उत्तम, नाहीतर ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा पुरे. रोहू आणि इतर खवल्याच्या माशांना कणकेचा गोळा, थोडी हळद आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घालून मळलेला. शिंगटा आणि वाम यांना गांडूळ. वाम दिवसा कपारीत असते, दिवेलागणीनंतर बाहेर पडते, तेव्हा गळ तळाला टेकलेला हवा. शिंगटा गळातून काढताना जपावे, त्याच्या गळपंखाचा काटा लागला तर हात खांद्यापर्यंत ठणकतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका उतरतो. काटा आत मोडला असेल तर दवाखाना गाठावा. आणि पोरांना गळ शिकवायचा तर बंधाऱ्याच्या भिंतीवर बसवून शिकवू नये. धरणातून आवर्तन सुटले की पाणी न सांगता वाढते. काठावर, बाभळीच्या सावलीला, मोठ्या माणसाजवळ बसवावे.

आमच्या ओढ्यावर गेल्या दोन वर्षांपासून आम्ही भावकीतली सात घरे आर्द्रात जाळे लावीत नाही. इतर लावतात, आम्ही भांडत नाही. गेल्या कार्तिकात धाकट्या नातवाच्या गळाला वीतभर बोगट लागला. त्याने तो माझ्याकडे आणून विचारले, "आबा, ही कुठली चिलापी?"